याचे किती येतील?

दिवाळीला आठ दिवस उरले होते. संध्याकाळी दार वाजले म्हणून उघडून पाहतो तो आमच्या जुन्या शेजाऱ्यांची तिन्ही मुले उभी. मुले आपली म्हणायची इतकेच. थोरला पन्नाशीला आलेला, धाकट्याच्या कानशिलांवर पांढरे दिसू लागलेले आणि मधली बहीण मुद्दाम पुण्याहून नाशिकला आलेली. त्यांची आई गेल्या श्रावणात गेली. थोरल्याच्या हातात फडक्यात बांधलेला पितळी डबा होता. चहापाण्याचे विचारायच्या आतच त्याने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काका, याचे किती येतील?"

हा प्रश्न मला नवा नाही. बँकेत एकतीस वर्षे मी रोखपालाच्या खिडकीत बसलो. लोकांच्या नोटा मोजता मोजता जुन्या नाण्यांचा नाद लागला आणि निवृत्तीनंतर तो वाढतच गेला. ओळखीपाळखीत कोणाच्या देवघरात, माळ्यावर, आजीच्या बटव्यात काही सापडले की ते माझ्यापर्यंत येते, आणि घेऊन येणारा पहिला प्रश्न हाच विचारतो. "हे काय आहे?" असे विचारणारा दहात एखादा. माझे म्हणणे असे आहे की, आपली फसगत आणि आपले नुकसान, दोन्ही या दोन प्रश्नांचा क्रम उलटा लावल्यामुळे होते.

डबा उघडण्याआधी धाकट्याने मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक चित्रफीत होती. "१८६२ चा राणी छाप रुपया तुमच्याकडे असेल तर मिळवा पाच लाख!" डब्यात तसे दोन रुपये होते. म्हणजे दहा लाख. बोलण्याबोलण्यातून लक्षात आले की, या दहा लाखांची वाटणी मनातल्या मनात होऊन तिच्यावरून भांडणही झाले होते. आईचे अखेरचे आजारपण थोरल्याने काढले होते. धाकट्याच्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती. बहीण काहीच बोलत नव्हती, आणि तिचे ते न बोलणे दोघांनाही टोचत होते. शेवटी धाकट्याने खाली मान घालून आणखी एक गोष्ट सांगितली. त्या चित्रफितीतल्या नंबरावर त्याने फोन केला होता. नाण्यांची 'नोंदणी' म्हणून अडीच हजार रुपये भरले होते. आता पैसे सुटण्यासाठी 'कर' म्हणून आणखी नऊ हजार मागत होते.

"ते पुढचे भरू नकोस," मी म्हणालो. "आणि गेले त्याची पोलिसांत तक्रार दे."

हा धंदा इतका बोकाळला आहे की, ऑगस्ट २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला जाहीर खुलासा करावा लागला. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँक नसते, त्यासाठी ती कोणाकडून शुल्क वा कमिशन घेत नाही आणि आपल्या वतीने ते घेण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही, असे तिने सांगितले. साधा विचार करा. ज्याला तुमची वस्तू विकत घ्यायची आहे, तो तुम्हांला पैसे देईल की तुमच्याकडून मागेल? तरीही चांगली शिकलीसवरलेली माणसे पैसे भरतात, याचे कारण आपल्याजवळ काय आहे हेच त्यांना ठाऊक नसते. न जाणणाऱ्याला पाच लाखही खरे वाटतात आणि पाचशेही खरे वाटतात.

मग डबा उघडला. टेबलावर मऊ सुती फडके पसरून नाणी एकेक करून मांडली. एकंदर चौदा निघाली. ती कशी पाहिली हे जरा सविस्तर सांगतो, कारण असा डबा पुष्कळ घरांत आहे.

आधी ते १८६२ चे दोन रुपये. साल जुने, म्हणून किंमत मोठी, हा आपला पहिला समज. पण १८६२ हे साल टाकसाळीने १८७३ पर्यंत तसेच ठेवले. पुढे कित्येक वर्षे पडलेल्या रुपयांवरही १८६२ च आहे. त्यामुळे हा रुपया देशभर उदंड आहे. त्याआधीच्या १८४० च्या रुपयाचे तेच. ते साल जवळजवळ दोन दशके चालले. डब्यात तोही एक होता. याउलट १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया पाहा. माझ्या वडिलांच्या लहानपणीचा, म्हणजे काही फार पुराणा नव्हे. पण तो अगदी थोडा पडला, म्हणून संग्राहक त्याच्यासाठी हातचे सोडून धावतात. अर्थात त्याच्या नकलाही बाजारात तितक्याच जोरात आहेत. आणि दोन हजार वर्षांपूर्वीची सातवाहनांची शिशाची, पोटीनची साधी नाणी या १९३९ च्या रुपयापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतात. वय म्हणजे किंमत नव्हे. किती उरली आहेत आणि ती किती जणांना हवी आहेत, या दोन गोष्टींतून किंमत ठरते. भाजीबाजारात भेंडीची ठरते तशीच.

त्यानंतर जॉर्ज राजाचे रुपये. येथे माणसे हमखास चुकतात. डब्यात पाचव्या जॉर्जचे तीन होते, १९१२, १९१८ आणि १९१९ चे. सहाव्या जॉर्जचे पाच होते, त्यांतले तीन १९४४ आणि १९४५ चे आणि दोन १९४७ चे. दिसायला सगळे बंदे रुपये. पण पाचव्या जॉर्जच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. दुसरे महायुद्ध सुरू झाले, चांदीची चणचण पडली आणि १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. म्हणून १९४४ च्या रुपयात चांदी अवघी ५.८ ग्रॅम. आणि १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी औषधालाही नाही. मी फ्रिजच्या दारावरचे लोहचुंबक काढून आणले आणि त्या दोन रुपयांजवळ नेले. दोन्ही टपकन चिकटले. चांदीचा रुपया असा चिकटत नाही. "आई तर पूजेत हेच दोन सगळ्यांत पुढे ठेवायची," बहीण पहिल्यांदाच बोलली, "चकाकतात म्हणून."

आता हिशेब बघा. पूर्ण चांदीचे सहा आणि निम्म्या चांदीचे तीन मिळून सुमारे ८१ ग्रॅम चांदी. झीज धरली तर त्याहून थोडी कमी. त्या दिवशीचा चांदीचा भाव घ्यायचा आणि गुणायचे. ही झाली डब्याची सर्वांत खालची किंमत, पायरीची. याहून कमी कोणी देत असेल तर उठून यावे. या पायरीच्या वर किती चढायचे, हे नाणे ठरवते.

उरली तीन तांबड्या धातूंची. त्यांतल्या दोन शिवराया. 'श्री राजा शिव' ही अक्षरे दिसताच थोरल्याने हात जोडले. ते योग्यच. पण शिवाजीमहाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू केलेले हे नाणे पुढच्या छत्रपतींनी आणि पेशव्यांच्या काळातही त्याच नावाने पाडले गेले. महाराजांचे नाव आहे म्हणून नाणे महाराजांच्या हयातीतले, असे होत नाही. अक्षरांचे वळण, वजन, ठिपक्यांची किनार, मधल्या रेघा हे सगळे पाहावे लागते. या दोन्ही उत्तरकाळातल्या होत्या, आणि अशा शिवराया पुष्कळ आहेत. सोन्याचा शिवराई होन मात्र अत्यंत दुर्मिळ. म्हणूनच कोणी तो कमी पैशांत देऊ केला तर दहा पावले मागे सरकावे.

शेवटचे नाणे तिघांनाही सर्वांत मौल्यवान वाटत होते. एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, खाली १८१८ साल. असले नाणे कंपनीने कधीच काढले नाही. ही देवळांबाहेर, जत्रांतून विकली जाणारी स्मरणमुद्रा, आणि तिच्यावरचे सालही खोटे. हिलाच 'तांदूळ ओढणारे नाणे' म्हणून कोट्यवधींच्या थापा मारणाऱ्या टोळ्या फिरतात. वैष्णोदेवीच्या चित्राच्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांचेही असेच. ती २०१२ ची, देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढलेली. चलनासाठी भरपूर पाडलेली ही नाणी लाखांना कोण घेणार? देव्हाऱ्यात त्यांना जरूर जागा द्या. पण श्रद्धेची किंमत बाजारात लावायला गेलो की दोन्हींकडून फसतो.

एवढे सांगून झाल्यावर थोरल्याने सहज विचारले, "काका, दिवाळीच्या आत सगळी चिंचेने घासून चकचकीत करू का? भाव बरा येईल."

मी जवळजवळ ओरडलोच. त्याला कारण आहे, आणि ते कबूल करायला हवे. आमच्या घरी आजीचा एक चांदवडी रुपया होता. होळकरांच्या अमलात आमच्याच जिल्ह्यातल्या चांदवडच्या टाकसाळीत पडलेला. त्यावर फार्सी अक्षरे आणि नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे. राज्य मराठ्यांचे आणि नाणे बादशहाच्या नावाचे, अशी त्या काळची रीत. मी बारा वर्षांचा असताना लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आजीला खूश करावे म्हणून तो चिंचेत भिजवला आणि रांगोळीने खसाखसा घासला. रुपया आरशासारखा झाला. आजीने पाठीवरून हात फिरवला. पुढे नोकरीला लागल्यावर तो एका वयोवृद्ध संग्राहकांना दाखवला. त्यांनी भिंग लावून पाहिला, परत माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "दीडशे वर्षं तू एका सकाळी धुऊन टाकलीस रे."

नाण्यावर काळाने चढवलेला जो काळसर, सावळा थर असतो तो मळ नव्हे. तेच त्याच्या खरेपणाचे आणि अस्पर्श असण्याचे प्रमाणपत्र. घासले की अक्षरांच्या कडा जातात, बारीक ओरखडे उठतात, आणि जाणकार ते भिंगाशिवायही ओळखतो. एकाच सालाचे, एकाच टाकसाळीचे नाणे, एक झिजलेले-घासलेले आणि एक टाकसाळीतून आल्यासारखे, यांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक पडतो. म्हणून नाणी घासू नयेत, पॉलिश करू नयेत, प्लास्टिकच्या हलक्या पिशव्यांत कोंबू नयेत. कडा धरून उचलावीत आणि कोरड्या जागी कागदात वेगवेगळी ठेवावीत. बस, एवढेच करायचे असते.

आता खुद्द किमतीकडे येतो. नाण्यांच्या किमतींची पुस्तके मिळतात. पण पुस्तकातली किंमत म्हणजे तुमच्या हातात पडणारी किंमत नव्हे. व्यापारी ज्या भावाने विकतो त्याच भावाने घेणार नाही. त्याचे दुकान, त्याचे अडकलेले भांडवल, त्याचा नफा मधे आहे. लिलावात घेणाऱ्याकडून आणि देणाऱ्याकडूनही लिलाव करणारा आपला वाटा घेतो. म्हणून अंदाज घ्यायचा तर तशाच सालाचे, तशाच टाकसाळीचे, तशाच अवस्थेतले नाणे अलीकडच्या लिलावात प्रत्यक्ष कितीला गेले ते बघावे. मागितलेली किंमत कोणीही कितीही लिहू शकतो. आणि निदान दोन-तीन जाणकारांना दाखवल्याशिवाय विकू नये. शहरोशहरी नाणेसंग्राहक मंडळांची प्रदर्शने भरतात. तेथे हौशी माणसे भेटतात, आणि हौशी माणसाला तुमचे नाणे वाचून दाखवण्यातच आनंद असतो.

पण किंमत कळली म्हणजे मोल कळले असे नाही. माझ्या मनात एक जुनी बोच आहे, ती आज लिहून टाकतो.

आमच्या आजोबांना एकदा नांगरताना शेतात गाडगे लागले होते. त्यात चांदीची साठ-सत्तर नाणी. करंगळीच्या नखाहून थोडी मोठी, एका बाजूला माणसाचे तोंड आणि दुसऱ्या बाजूला बाणासारखे काही तरी. मी लहानपणी ती हाताळली आहेत. १९७२ च्या दुष्काळात घरात दाणा उरला नाही, तेव्हा वडिलांनी ती सराफाकडे नेली. सराफाने तराजूत घातली, चांदीचा भाव लावला, पैसे मोजले. त्या पैशांवर आम्ही सात माणसे दोन महिने जेवलो. वडिलांनी विकली यात मला काडीइतके गैर वाटत नाही. पोटापुढे नाणे नाही. बोच आहे ती वेगळी. विकण्याआधी त्यांतले एक तरी कोणाला दाखवावे, निदान कागदावर त्याचा ठसा घ्यावा, कोणत्या शेतात कुठे सापडली ते लिहून ठेवावे, हे कोणाला सुचले नाही. मला एकोणीस वर्षे पूर्ण होती. मलाही सुचले नाही.

पुढे वाचनात जोगळटेंभीची हकिकत आली. १९०६ साली आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या या गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारलेली. नहपानाचे तोंड आणि त्याच्या डोक्यावर सातवाहनांचे चिन्ह! नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आपल्या मुलाने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे अभिमानाने सांगतो. आईने मुलाचे कौतुक केले, असे कोणी म्हणाला असता. या गाडग्याने त्याला साक्ष दिली. त्या नाण्यांतले एकेक सुटे घेतले तर आजही त्याची किंमत फार डोळे दिपवणारी नाही. पण एका जागी, एका साठ्यात, मोजून, नोंदून मिळाली म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक पान पक्के झाले. तीच मुशीत गेली असती तर?

आमच्या गाडग्यातली नाणीही नहपानाची होती, असे मी म्हणत नाही. वितळलेल्या चांदीला नाव विचारता येत नाही. पण एका बाजूला तोंड आणि दुसऱ्या बाजूला बाण, हे वर्णन त्या पुस्तकात वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

कायदा यासाठीच आहे. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि १९७२ च्या कायद्यानुसार ते खासगी माणसाला देशाबाहेर नेऊन विकता येत नाही. आजोबांना यांतले काही माहीत नव्हते. आज सापडणाऱ्या शेतकऱ्यालाही बहुधा माहीत नसते. माहीत असले तर भीती असते की सरकार काढून घेईल आणि वर चौकशी लावील. त्यामुळे गाडगी निघतात आणि गुपचूप मुशीत जातात.

म्हणून माझी एक सूचना आहे. आमच्या नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून केवळ नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत वस्तुसंग्रहालये आहेत, महाविद्यालयांत इतिहासाचे विभाग आहेत, गावोगावी शतक ओलांडलेली वाचनालये आहेत. या सगळ्यांनी मिळून वर्षातून एक दिवस, दिवाळीच्या आधीचा एखादा रविवार, 'नाणी ओळखा' म्हणून ठेवावा. लोकांनी डबे, बटवे घेऊन यावे. जाणकारांनी नाणे वाचून दाखवावे, त्याचे नाव, साल, टाकसाळ एका चिठ्ठीवर लिहून द्यावे. किमतीचा शब्द तेथे काढायचा नाही, खरेदी-विक्री तर नाहीच. नाव कळलेला माणूस किंमत आपली आपण शोधतो, आणि त्याला पाच लाखांच्या थापेने गंडवता येत नाही. आपण डोळे तपासायची, दात तपासायची शिबिरे भरवतो. हे त्याहून सोपे आणि बिनखर्चाचे आहे.

तोवर निदान घरचे तरी आपण करू शकतो. घरातले वडीलधारे माणूस बसले आहे, बोलते आहे, तोवर डबा काढून त्याच्यासमोर ठेवावा. हे कोणी दिले, केव्हा आले, कोणाच्या लग्नातले, कोणत्या शेतातले, हे विचारून लिहून ठेवावे. तो कागद डब्यातच राहू द्यावा.

त्या संध्याकाळी तिघांना मी खरा आकडा सांगितला. चांदीची ती पायरी, त्यावर १८४० च्या रुपयाचे थोडे अधिक, कारण तो सुदैवाने कोणी घासलेला नव्हता. शिवरायांचे शे-पाचशे. लाख नव्हते, त्याच्या जवळपासही नव्हते. धाकट्याचा चेहरा उतरला. मुलीच्या फीचा प्रश्न होता तेथेच राहिला, आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही.

मग बहिणीने १९१८ चा रुपया उचलला. त्याला वर कडी डाकलेली होती. संग्राहकाच्या लेखी असे नाणे गेलेच. त्याला चांदीच्या भावापलीकडे कोणी काही देणार नाही, हे मी आधीच सांगितले होते. "हा आजीने आईच्या गळ्यात घातला होता ना, काळ्या दोऱ्यात?" तिने विचारले. थोरला म्हणाला, "छे, तो मामाने दिलेला, तुझ्या बारशाला." धाकट्याला तिसरेच आठवत होते. तिघेही त्यावरून वाद घालू लागले, पण तो मघाचा वाद नव्हता.

"गावाकडे मावशी आहे अजून," थोरला म्हणाला. "नव्वदीची आहे, पण तिला सगळं आठवतं. काका, एक वही आहे का?"

मी त्यांना दोनशे पानी वही दिली. नाणी वेगवेगळ्या कागदात गुंडाळून दिली, आणि प्रत्येकावर पेन्सिलीने साल लिहिले. डबा विकायचा की नाही, ते त्यांचे त्यांनी ठरवायचे आहे. मावशीकडे ते येत्या रविवारी जाणार होते.